मालकानं काठ वाचला नव्हता

मी कांगा बोलतोय. तसं पाहिलं तर बोलण्यासाठीच माझा जन्म. नेसायला, डोक्यावरून घ्यायला, पोर पाठीशी बांधायला मी कामी येतो हे खरं. पण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या आमच्या पेंबा बेटावरच्या बायका मला घेतात त्या माझ्या काठावर छापलेल्या एका ओळीसाठी. जे तोंडानं सांगता येत नाही, ते त्या मला नेसून सांगतात. नवऱ्याला, सवतीला, शेजारणीला. आवाज न चढवता भांडण लागतं, आणि तसंच मिटतंही.

मी छापला गेलो समुद्रापलीकडे, तुमच्याच बाजूच्या एका गिरणीत. पिकल्या लिंबासारखा पिवळा रंग, त्यावर काळी नक्षी. सारखे दोन तुकडे, न कापता जोडलेले. एक कमरेचा, एक डोक्याचा. ज्या कारागिरानं माझ्या काठावर अक्षरं उठवली त्याला ती भाषा येत नव्हती. डबा खाऊन आला, हात पुसले, आणि माझ्यासारखे शेकडो छापून मोकळा झाला. काय छापलं ते त्याला कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

वेते गावात फाकी म्हाताऱ्याच्या दुकानात मी दोरीवर लटकलो, तेव्हा मला पहिल्यांदा कुणीतरी वाचलं. एका बाईनं काठ ओढून धरला आणि ओठ हलवत वाचलं, "मला सगळं ठाऊक आहे, मी बोलत नाही."

"अगं बाई!" म्हणत तिनं मला असं सोडलं, जसा मी तापलेला तवा.

माझ्यासारखे दोन-तीन विकले गेले, तेही डोळे बारीक करून बघणाऱ्या बायकांना. बाकीचे आम्ही धूळ खात पडलो. रोजे संपत आले, ईद तोंडावर आली, आणि भर दुपारी मसूद दुकानात शिरला.

मसूदच्या घरी टोप्यांचं काम चालतं. कापडावर बारीक भोकं पाडून त्यांच्या कडा दोऱ्यानं भरायच्या, अशी ती नक्षीची टोपी. एक टोपी पुरी व्हायला महिना लागतो. हे काम त्याची आई, बी सलामा, हिनं उभं केलेलं. हाताखाली सात बायका. पण ती गुडघ्याच्या दुखण्यासाठी दार एस सलामला लेकीकडे गेलेली, त्यामुळे यंदा बायकांची ईदची भेट पहिल्यांदाच लेकाच्या गळ्यात पडली होती.

"सात जोड्या द्या. सगळ्या एकसारख्या," मसूद घाम पुसत म्हणाला.

"सगळ्यांना एकच?" फाकीनं विचारलं.

"एकच. म्हणजे मागून कटकट नको. हा पिवळा बरा आहे." त्यानं माझा काठ दोन बोटांत धरून ओढून पाहिला, दोरे सुटत नाहीत याची खात्री केली आणि खूश झाला.

फाकी काहीतरी बोलणार होता. पण पुढं गिऱ्हाईक होतं, आणि सहा महिने पडून राहिलेला माल एका झटक्यात जात होता. त्यानं तोंड मिटलं.

ईदला दोन दिवस राहिले असताना मसूदनं सातही जणींना रांगेत उभं केलं आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एकेकीच्या हातात आम्हाला ठेवलं. मी आलो बी तातूच्या हातात. साठीची बाई, गावातली सगळ्यांत नाणावलेली टोपीवाली. तिनं भरलेली टोपी घालून कुणी मशिदीत गेला, की मागच्या ओळीतले लोक नमाज संपल्यावर ती टोपी हातात मागून घेत.

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण मसूदला वाटलं, दोन शब्द बोलावेत.

"वर्षभर तुमच्यातल्या एकेकीचं काम मी नीट पाहिलंय," तो म्हणाला. "मला फार बोलता येत नाही. मनातलं काय ते कापडच सांगेल."

बायकांनी घड्या मोडल्या. काठ वाचले. सुबिरा ही एरवी सगळ्यांत तिखट जिभेची. तिनं मला, म्हणजे माझ्या भावंडाला, घाईघाईनं परत पिशवीत कोंबलं. तरण्या झुवेनानं पोटावरचा पदर सारखा केला.

बी तातू तेवढी हसून म्हणाली, "वा! किती गोड शब्द!"

सहा माना तिच्याकडे वळल्या.

मला तेव्हाच कळलं. तिनं मला डोळ्यांसमोर धरलं होतं खरं, पण तिची नजर माझ्यावर नव्हती. अंगठा काठावरून फिरत होता. आता छापील अक्षरं का बोटांना लागतात!

परतताना झुवेना तिच्यासोबत चालली. रस्त्याकडेला चटयांवर लवंगा वाळत घातल्या होत्या. बी तातूनं एका चटईच्या मधोमधच पाय दिला. झुवेनानं तिचा दंड धरला.

"बी तातू, तुला काठ वाचता आला नाही ना?"

"घाईत नीट बघितला नाही गं."

"रोज सकाळी दहा सुया माझ्याकडून ओवून घेतेस. म्हणतेस, तुझा हात शुभ आहे. मी काय खुळी आहे?"

बी तातूनं माझा काठ तिच्यापुढं धरला. मग म्हणाली, "काय लिहिलंय?"

झुवेनानं वाचून दाखवलं. बी तातूचे हात माझ्याभोवती आवळले गेले. दोन वर्षं तिच्या डोळ्यांपुढं धुकं दाटत होतं. नखानं दोरे मोजून, भोकं बोटांनी चाचपून ती टोप्या भरत होती. नजर गेली म्हणजे जागाही गेली, या भीतीनं तिनं ते कुणापाशीही बोलून दाखवलं नव्हतं. आणि आता मालकानं ईदच्या भेटीतच कळवलं होतं, की मला ठाऊक आहे.

ईदचे चार दिवस गेले. मी पेटीतच राहिलो. पाचव्या दिवशी सकाळी तिनं माझी घडी काखेत मारली आणि आम्ही मसूदच्या घरी निघालो. सगळ्यांच्या आधी पोचून एकदाचं बोलून टाकावं, असं तिच्या मनात होतं.

पण ओट्यावर पाच जणी आधीच बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर पिवळी घडी. कुणी कुणाकडे बघेना. सुबिरा तर आत पोचलीही होती. आम्ही ओट्यावर टेकलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

मसूद नुकता कॉफीला बसला होता. पुढं बशीत मांदाझी. (तुमच्याकडच्या गोड पुरीची ती जाडजूड बहीण समजा.)

"मालक, तुम्ही बोलत नाही हा तुमचा मोठेपणा," सुबिरा म्हणत होती. "पण मला घास उतरेना. चाके चाके गावच्या व्यापाऱ्याला मी चोरून चार टोप्या भरून दिल्या. दोरा इथलाच वापरला."

"कसल्या टोप्या?"

"बघा! अजूनही माझीच लाज राखताय."

"अगं, मला खरंच काही ठाऊक नाही!"

"कांगा काय म्हणतो आणि तुम्ही काय म्हणता!"

"कांगा काय म्हणतो?"

"पुन्हा थट्टा! करा, माझी तीच लायकी आहे," असं म्हणून सुबिरा डोळे पुसत बाहेर आली, आणि ओट्यावर बसल्यावर तिनं इतका मोठा श्वास सोडला, की पुढची बाई हुरूप येऊन लगेच उठली.

तिनं कबूल केलं, की बी सलामाची चिनी मातीची कॉफीची सुरई मांजरानं नव्हे, तिनं फोडली होती. "मार मात्र त्या मुक्या जिवानं खाल्ला, मालक."

मग रुकिया गेली. तिनं तर बाँबच टाकला.

"ती कोंडे गावची सोयरीक. मुलीच्या मावशीनं मला विचारलं, मालक माणूस कसा आहे? मी म्हटलं, टोपीतली भोकंसुद्धा मोजून घेतो."

कॉफीचा पेला लवंडल्याचा आवाज आला. "म्हणजे ती सोयरीक तू मोडलीस?"

"मोडली नाही. जरा टेकू काढला."

"आणि मी समजत होतो माझ्या नाकामुळं!"

"नाकाचंही त्या बोलल्या होत्या. खोटं कशाला सांगू."

ओट्यावर झुवेना तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होती. तिचा नंबर आला तशी ती आत गेली आणि एका दमात म्हणाली, "मला चौथा लागलाय. काम दुसरीला द्याल म्हणून बोलले नव्हते."

"हेही मला ठाऊक आहे असं तुला वाटलं?" मसूदचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तुम्हाला सगळंच ठाऊक असतं म्हणे."

उरलेल्या दोघींचं काही मोठं नव्हतं. एकीनं वय लपवलं होतं, दुसरी दर शुक्रवारी डोकं दुखतं सांगून नवऱ्यासोबत समुद्रावर जात होती. शेवटी बी तातू उठली. दाराची चौकट चाचपत आत गेली आणि तिनं मला मसूदच्या पुढ्यात ठेवलं.

"बाळा, हे परत घे," ती म्हणाली. "तुला मी या अंगणात रांगताना पाहिलंय. कामावरून काढायचं तर तोंडानं सांगायचं होतंस. डोळे गेलेत माझे. दोन वर्षं झाली. शेवटच्या तीन टोप्या निम्म्या झुवेनानं सावरल्या."

मसूद तिच्याकडे बघतच राहिला. सकाळपासून इतकं ऐकून त्याचं डोकं बधिर झालं होतं, आणि हे तर त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तो गप्प बसला. बी तातूनं जरा वेळ वाट पाहिली, मग मान हलवली, आणि चौकट चाचपत निघून गेली. मी तिथंच राहिलो.

तेवढ्यात अंगणात काठी वाजली. सकाळच्या बोटीनं बी सलामा परत आली होती. एका हातात काठी, दुसऱ्यात हलव्याचा डबा, आणि ओट्यावर पिवळ्या घड्या मांडीवर घेऊन बसलेल्या सहा बायका बघून थबकलेली.

"कोण गेलं?" तिनं घाबरून विचारलं.

तिनं झुवेनाच्या मांडीवरचा काठ उचलून वाचला. एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. मग सुबिराच्या मांडीवरचा वाचला. मग ती ओट्यावर बसली आणि पोट धरधरून हसू लागली. "सातही जणींना? सातही जणींना हाच?" दुखरा गुडघा धरून ती हसत होती, आणि हळूहळू प्रकरण उमगून बायकाही एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या.

"म्हणजे त्यांना काहीच ठाऊक नव्हतं?" सुबिरा ओरडली. "हाय रे दैवा, माझ्या चार टोप्या!"

मसूद बाहेर आला. आईनं त्याला काठ दाखवला. त्यानं वाचला, आणि त्याचा चेहरा माझ्यापेक्षा पिवळा पडला.

"फोनवर मी काय सांगितलं होतं? काठ बघून घे!"

"बघितला की! दोरे सुटत नव्हते."

हशा पुन्हा उसळला. पण बी तातूचं कळलं तेव्हा बी सलामाचं हसू थांबलं. तिनं बायकांना घरी पाठवलं आणि लेकाला समोर बसवलं.

"तीस वर्षं मी दर ईदला एकेकीच्या घरी जाते. कॉफी पिते, पोराबाळांचं विचारते, पुडकं चटईवर ठेवते आणि उठते. माझ्यासमोर कुणाला घडी मोडायला लावत नाही. रांगेत उभं करून देतात तो शिधा, मसूद. भेट नव्हे."

"सगळ्यांना सारखं दिलं की न्याय झाला, असं मला वाटलं."

"पगारात न्याय कर. भेट घेताना त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढं आण. आणि तातूला काय म्हणालास?"

"काहीच नाही. सुचलंच नाही."

"तिच्या हातात हा काठ दिलास आणि वर गप्प बसलास?" मसूदनं मान खाली घातली. मग मला उचललं आणि तडक फाकीचं दुकान गाठलं.

"तेव्हा का नाही सांगितलंत?" त्यानं विचारलं.

"मला वाटलं, तुला तेच म्हणायचंय," फाकी शांतपणे म्हणाला.

त्या दुपारी मसूदनं दुकानातला एकूणएक कांगा वाचला. दुकानातल्या बायका काम सोडून त्याला सल्ले देऊ लागल्या. हा नको, यात टोमणा आहे. तो नको, तो सासूसाठी असतो. हा तर मुळीच नको, लोक तुझं लग्न लावतील तिच्याशी! शेवटी पार तळातून त्यानं एक निळा-पांढरा काढला, वाचला, आणि कुणाला न दाखवता घडी घातली.

संध्याकाळी तो बी तातूच्या घरी गेला. दिलेला कांगा परत घ्यायचा नसतो, असं आईनं बजावलं होतं, म्हणून मीही सोबत होतो. तो चटईवर बसला. कडू कॉफी प्याला. तिच्या कोंबडीची चौकशी केली. मग दोन्ही हातांनी आम्हा दोघांना चटईवर ठेवलं, आणि कामाबद्दल अवाक्षर न काढता उठला. कपाळ चौकटीला आपटलं, तेवढं सोडलं तर त्यानं सगळं रीतीनं केलं.

थोड्या वेळानं झुवेना आली. "वाचू का?"

"नको," बी तातू म्हणाली. "काढून टाकलं असेल तर तेही मी माझ्या डोळ्यांनी वाचीन."

दुसऱ्या दिवशी बी सलामा काठी टेकत हजर. "मोतीबिंदू आहे तो, शाप नव्हे. माझा गुडघा उघडून शिवला, तुझा डोळा साफ व्हायला काय झालं? ऊठ."

दवाखान्याची तारीख मिळेपर्यंत मधल्या दिवसांत आम्ही दोन कांगे पेटीत शेजारी होतो. रात्रंदिवस त्याचा काठ माझ्या अंगाला लागून. त्याच्यावर काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं, पण मी बोलत नव्हतो. माझा तर तो स्वभावच पडला. बी तातू मात्र रोज पेटी उघडायची, त्याच्या घडीवर हात ठेवायची आणि पुन्हा झाकण लावायची. झोप तिला कशी येत असेल कोण जाणे.

दवाखान्यात जाताना ती मला नेसली. छोट्या गच्च बसमध्ये दोन म्हाताऱ्या हातात हात धरून बसल्या, आणि एका बाईनं माझा काठ वाचून आपली पिशवी गुपचूप उलट्या बाजूला घेतली. डॉक्टर चांगले होते. एका डोळ्याचं काम झालं, पट्टी सुटली, थेंब घालायचे दिवस संपले. मग एका सकाळी बी तातू फणसाच्या झाडाखाली बसली आणि तिनं निळा कांगा बाहेर काढला.

काठ डोळ्यांपासून दूर धरला. जवळ आणला. ओठ हलू लागले.

"उशीर झाला तरी चालेल, जागा तुझीच आहे."

पहिल्यांदा तिनं मनाशी वाचलं. मग मोठ्यानं. मग उठून कुंपणाशी गेली आणि शेजारणीला हाक मारून तिसऱ्यांदा वाचलं. शेजारीण कालवण ढवळत होती. "छान आहे हो," ती म्हणाली. बी तातूनं चौथ्यांदा वाचायला घेतलं तेव्हा तिनं डाव खाली ठेवला आणि बाहेर येऊन तिला मिठी मारली.

डोळे पुसता पुसता बी तातूची नजर आपल्या कमरेकडे गेली. माझ्याकडे. पहिल्यांदाच नीट.

"या अल्ला! असला भडक पिवळा नेसून मी गावभर हिंडले?"

ती कामावर परतली. डोळा नवा असला तरी हात तेच जुने. आता तरण्या पोरींना टाके शिकवणं तिच्याकडे आलं. सुबिराच्या त्या व्यापाऱ्याशी बी सलामानं स्वतःच बोलणी केली आणि त्याच्या टोप्या राजरोस इथंच भरल्या जाऊ लागल्या. रुकिया कोंडे गावी जाऊन मुलीच्या मावशीपाशी बसली. "भोकं मोजतो हे खरं," तिनं सांगितलं, "पण चुकलं तर सबंध दुपार काठ वाचत बसतो." म्हणे मुलगी आतून ऐकत होती आणि हसली. नाकाचं मग कुणी काढलं नाही.

मसूदच्या लग्नात सातही जणी ठरवून आम्हाला नेसून आल्या. बायकांच्या मांडवात सात पिवळ्या काठांची ओळ शिरली, तशी मुलीकडच्या पाहुण्यांची कुजबूज बंद पडली. नवरीच्या आत्यानं तर तासाभरात सुबिराला कोपऱ्यात गाठलं. "तुम्हाला कुणी सांगितलं ते मला माहीत नाही," ती म्हणाली, "पण ती अंगठी मी परत करणार होते." सुबिरानं गंभीरपणे मान डोलावली. कुठली अंगठी, ते आम्हाला आजवर कळलेलं नाही.

आता माझं वय झालं. धुण्यानं अंग मऊ पडलंय, काळी नक्षी राखाडी झालीय, आणि काठावरची ओळ वाचायला बी तातूचा नवा डोळाही कमी पडेल. माझे दोन तुकडे वेगळे झालेत. एक तिच्या मांडीवर पसरलेला असतो, पांढरी टोपी मळू नये म्हणून. दुसरा, म्हणजे तुमच्याशी बोलतोय तो, झुवेनाकडे आहे.

तुमच्या हाताखाली कुणी राबत असेल आणि सणाला त्यांना काही द्यावंसं वाटलं, तर जरूर द्या. मोठंच हवं असं नाही. फक्त ते हातात ठेवण्याआधी एकदा त्या माणसाच्या जागी बसून उघडून बघा. आम्ही वस्तू तुमच्या नकळत फार बोलतो.

बरं, येतो मी. झुवेनाची पोर उठलीय आणि रडून घर डोक्यावर घेतेय. तिला मी पाठीशी गुंडाळलं आणि आईनं चार पावलं टाकली, की ती गप्प होते. हे काम दुसऱ्या कुणाला जमत नाही.